काजळीवरची थरथर

मी एक जुना ड्रम आहे. वाजवायचा नव्हे, मित्रांनो, आणि पाणी भरून ठेवायचाही नव्हे. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, शरीरक्रियेच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या दगडी ओट्यावर माझं ठाणं आहे. पुस्तकात माझं नाव 'कायमोग्राफ' असं भारदस्त छापलेलं आहे, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. एका नव्या मुलाने तर मला एकदा चक्क 'डबा' म्हटलं होतं. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

माझी घडण तशी साधी. खाली लोखंडाची जड पेटी, पेटीत दातेरी चक्रं, पेटीतून वर आलेला दांडा आणि दांड्यावर पितळेचं नळकांडं. खटका दाबला की नळकांडं स्वतःभोवती फिरू लागतं. बाजूला एक छोटी मूठ आहे. ती पुढे-मागे सरकवली की माझा वेग बदलतो. अगदी गोगलगायीसारखं फिरायचं की भिंगरीसारखं, हे त्या मुठीवर ठरतं. ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथल्या कारागिराने मला पहिल्यांदा फिरवून पाहिलं तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला होता, "बघ, जराही डुलत नाही." जन्मल्या जन्मल्या कौतुक कानावर पडलं, म्हणून असेल, मी थोडा मानी निघालो.

माझ्यावर काम करायची रीत मात्र तुम्हांला सांगायलाच हवी, कारण आताच्या मुलांनी ती पाहिलेली नसते. नळकांड्यावर चकचकीत पांढरा कागद ताणून चिकटवायचा. मग ते रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर धरून गोल गोल फिरवायचं, म्हणजे कागदावर काजळीचा मऊ थर बसतो. या थराला एका हलक्या तरफेचं टोक अलगद टेकवायचं. तरफेच्या दुसऱ्या टोकाला जे जोडाल, त्याची हालचाल काजळी खरवडून पांढऱ्या रेघेने उमटते. बेडकाच्या पायाचा स्नायू आकसला की रेघ उसळी मारते, हृदय धडधडलं की एकामागून एक शिखरं उभी राहतात. शेवटी कागद सोडवून लाखेच्या पातळ द्रावणात बुडवायचा आणि दोरीला चिमट्याने टांगायचा. एवढं केलं नाही तर नुसता अंगठा लागला तरी सगळी मेहनत पुसली जाते. असे पुसलेले कागद हातात धरून रडवेली झालेली मुलं मी कितीतरी पाहिली.

काजळी धरायचं काम मामांचं. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचे मामा. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर कायम काळा ठिपका असायचा आणि तो त्यांना कोणी सांगायचं नाही, अशी मुलांची आपसातली ठरलेली गंमत होती.

तेव्हा माझा थाट काही औरच होता. मुलं माझ्यासमोर रांग लावून उभी राहत. माझ्यावर काढलेले आलेख काचेच्या कपाटात लागत. मग पडदे आले. यंत्राच्या पडद्यावर हृदयाचे ठोके आपोआप दिसू लागले आणि बेडकांची सुटका झाली. बेडकांसाठी मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पण माझ्याकडे मात्र कोणी फिरकेना. कोणी माझ्यावर दप्तर ठेवी, कोणी ओली छत्री टांगून जाई. आतलं तेल गोठलं, धूळ बसली आणि वेगाची मूठ सगळ्यांत मंद खाचेत अडकून पडली ती पडलीच.

तरी वर्षातून एकदा माझी आठवण व्हायची. त्याचं कारण आमचे विभागप्रमुख सर.

सर उंच, ताठ आणि कडक. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ज्याने बघतो, तो 'ओळंबा' हेच नाव मुलांनी त्यांना ठेवलं होतं. पदवीच्या शेवटच्या वर्षी ज्यांना पुढे शरीररचना आणि शरीरक्रिया शिकायची असेल, त्यांची सर 'सरळ रेघेची परीक्षा' घेत. मुलाने माझ्यासमोर उभं राहायचं, कोपर हवेत धरायचं, बोट तरफेला लावायचं आणि माझा एक फेरा होईपर्यंत स्थिर ठेवायचं. काजळीवर बारीक रेघ उमटली तर मुलगा पास. रेघ जाड आली तर सर म्हणत, "तू दुसरा विषय घे." सरांचं म्हणणं असं की माशाच्या डोक्यातल्या नसा केसासारख्या असतात, त्या मोकळ्या करताना हात हलला की संपलं. त्यांच्या विभागात विच्छेदनही कोपर हवेत ठेवूनच करायचं असे. ओट्यावर कोपर टेकलं की सर मागून म्हणत, "जेवायला बसलायस का?"

आणि एका वर्षी माझ्यासमोर धाकटी येऊन उभी राहिली.

ती घरातली शेंडेफळ. तिची थोरली बहीण याच इमारतीत वरच्या वर्गात शिकायची आणि व्हरांड्यातून "ए धाकटे!" अशी हाक मारायची. तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. लहानपणी आई मासे साफ करायला बसली की ही शेजारी बसून त्यांच्या पोटातून काय निघतं ते निरखायची. आई ओरडायची, "अगं, स्वयंपाकघर आहे हे, दवाखाना नव्हे!" हे सगळं मला तिच्या मैत्रिणीमुळे कळलं. मैत्रिणीच्या तोंडाला खळ नसे, म्हणून वर्गाने तिचं नाव 'गप्पी मासा' ठेवलं होतं. दोघी एकाच ओट्यावर काम करत. एक सतत बोलायची आणि दुसरी सतत बघायची.

धाकटीला या विषयाचं वेड होतं. पण तिचा हात थरथरायचा. चहाचा कप आणताना बशी वाजायची आणि मुलं म्हणायची, "धाकटी चहा घेऊन येतेय, ऐकू येतंय." तीही हसायची. परीक्षेच्या दिवशी मात्र ती हसत नव्हती. तिने बोट तरफेला लावलं, मी माझ्या मंद चालीने फिरलो आणि काजळीवर करंगळीएवढी जाड पांढरी पट्टी उमटली.

सरांनी कागद वर धरला. "ही रेघ आहे की रस्ता?"

वर्ग हसला. सरांचा आवाज कडक होता, पण मन खुनशी नव्हतं. हसणं थांबल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ पोरी, नाराज होऊ नकोस. वर्गीकरण घे. तिथे डोकं लागतं, आणि ते तुझ्याकडे आहे."

"सर, मला हाच विषय हवाय."

"तुला हवाय गं. तुझ्या हाताला नकोय."

ती जागची हलली नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. वार्षिक प्रात्यक्षिकात माशाच्या डोक्यातली चौथी नस अखंड काढून दाखव. निघाली तर विषय तुझा. तुटली तर पुन्हा हा हट्ट नाही."

चौथी नस म्हणजे सगळ्यांत नाजूक काम, मित्रांनो. शिवणाच्या दोऱ्याहून बारीक असते ती. मेंदूपासून निघून डोळा फिरवणाऱ्या एका छोट्या स्नायूपर्यंत जाते. धाकटीने मासे मागून मासे उघडले. कवटीचं मऊ, लवचीक हाडासारख्या कूर्चेचं झाकण ती पापुद्र्या-पापुद्र्याने सुंदर उतरवायची, सगळं स्वच्छ करायची आणि शेवटच्या क्षणी चिमटा थरथरला की नस तुटायची. गप्पी मासाही तेवढ्यापुरती गप्प व्हायची. मी खिडकीपाशी बसून बघत होतो. माझ्याच कागदावरून तिला नाकारलं होतं, म्हणून मला ते जास्त लागत होतं.

वार्षिक परीक्षा जवळ आली. बाहेरून परीक्षक बाई येणार म्हणून सरांनी जुनी उपकरणं चकाचक करायचा हुकूम सोडला. मामा कपाळाला हात लावून बसले. "एवढा पसारा मी एकटा कधी आवरू?" तेव्हा धाकटी आणि गप्पी मासा बाह्या सरसावून त्यांच्या मदतीला आल्या.

धाकटीच्या वाट्याला मी आलो. तिने माझ्या पेटीचे स्क्रू काढले आणि नाक मुरडलं. आत तेलाचा डिंक झालेला, त्यात धूळ, केस आणि एक मेलेली माशी. तिने फडकं रॉकेलमध्ये बुडवून एकेक दात पुसला. मग ताजं तेल सोडलं आणि अडकलेली मूठ हळूहळू हलवत राहिली. एकाएकी खट्‌ आवाज झाला आणि मूठ सरकली. कितीतरी वर्षांनी माझं नळकांडं भिंगरीसारखं फिरलं! तो आनंद तुम्हांला कसा सांगू? आजारी माणूस बऱ्याच दिवसांनी अंगणात चालायला निघतो ना, तसं मला झालं.

"मामा, काजळी धरता का जरा? चालतोय का बघूया."

मामांनी काजळी धरली. धाकटीने सहज तरफेला बोट लावलं आणि माझ्या नव्या वेगात रेघ उमटत गेली. पण ती पट्टी नव्हती. ती लाटांची रांग होती. चढ, उतार, चढ, उतार, प्रत्येक लाट शेजारच्या लाटेसारखी.

"बिघडलाय गं हा," गप्पी मासा म्हणाली. "आत काहीतरी सैल राहिलं असणार."

मला संताप आला, पण बोलणार कसा? माझ्या वतीने धाकटीच बोलली. तिने बोट काढून घेतलं आणि मला तसंच फिरू दिलं. काजळीवर केसासारखी सरळ रेघ उमटली.

"ड्रम ठणठणीत आहे," ती म्हणाली. "हे माझंच आहे. आता तू लाव बोट."

"माझा हात म्हणजे दगड आहे, माहितीये ना?"

दगडाच्याही लाटा उमटल्या. धाकटीच्या लाटांपेक्षा बुटक्या, पण लाटाच. मग मामांनी धोतराला हात पुसून बोट लावलं. त्यांच्याही लाटा. 

खरी गोष्ट अशी होती, मित्रांनो. मी मंद फिरायचो तेव्हा प्रत्येक थरथर आधीच्या थरथरीवरच उमटत होती. एकच अक्षर त्याच जागी पुन्हा पुन्हा गिरवलं तर अक्षर दिसत नाही, नुसता डाग दिसतो. तसंच झालं होतं. लहान थरथर बारीक रेघेत लपून जायची आणि मोठी थरथर पट्टी होऊन उघडी पडायची. वेग वाढला आणि सगळ्यांचीच थरथर एकेक लाट होऊन वेगळी झाली.

"या थरथरीला ताल आहे," धाकटी कागदावर वाकून म्हणाली. "मी घाबरते म्हणून हात हलतो असं मला वाटायचं. पण घाबरून हललं असतं तर असं एकसारखं हललं नसतं."

त्या दिवसापासून ती माझ्यापाशी रमली. वर्ग संपला की येई आणि प्रयोग करी. जिने धावत चढून ये, बोट लाव. उपाशी ये, बोट लाव. चहा पिऊन ये, बोट लाव. चहानंतर मामांच्या लाटा उंच झालेल्या दिसल्या तेव्हा मामा फणकारले, "हे बघ, माझ्या हाताला काय म्हणायचं ते म्हण. चहाला नावं ठेवायची नाहीत." मग एकदा तिने लाकडाचा ठोकळा आणला, त्यावर कोपर आणि मनगट टेकवलं, आणि बोट लावलं. लाटा एकदम खाली बसल्या. ती इतकी मोठ्याने ओरडली की शेजारच्या खोलीतून दोघं धावत आले.

दोरीवर काळे कागद वाळत असतानाच सर आत आले. हात मागे बांधून त्यांनी एकेक कागद पाहिला.

"हा कोणाचा?"

"माझा, सर. आधाराशिवाय."

"आणि हा?"

"तोही माझाच. कोपर ठोकळ्यावर टेकून." तिने कोरा कागद उचलला. "सर, तुमचा एक काढू?"

मामांच्या हातातली काच पडता पडता वाचली. सर पुढे आले. मग त्यांनी कोटाची बाही मागे सारली. "काढ. सरळ रेघ कशी असते ते तरी बघशील."

त्यांनी कोपर हवेत धरलं, श्वास रोखला आणि बोट तरफेला लावलं. मी फिरलो. काजळीवर लाटा उमटल्या. सरांनी नवीन कागद लावायला सांगितला. पुन्हा लाटा. त्यांनी स्वतः माझी मूठ तपासली, तरफ बदलली, भिंग घेऊन टोक पाहिलं. तिसऱ्यांदाही लाटाच. धाकटीने आपला ठोकळ्यावरचा आलेख त्यांच्या आलेखाशेजारी धरला. तिच्या लाटा सरांच्या लाटांपेक्षा बुटक्या होत्या.

 सर खुर्चीत बसले. ताठ नव्हे, आपले साधे बसले.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "किती पोरांना मी या मंद चाकावर मोजून परत पाठवलं."  थोड्या वेळाने उठून म्हणाले, "लाटा सगळ्यांच्या असतात हे कळलं. पण नस अजून निघालेली नाही. ठोकळा वापर. बाहेरच्या बाईंनी हरकत घेतली तर मात्र तुझं तू बघ, मी मध्ये पडणार नाही."

परीक्षेची सकाळ उजाडली. ओट्यांवर मेणाचे ट्रे, ट्रेमध्ये टाचलेले मासे. धाकटीने ठोकळा मांडला, कोपर टेकलं, शेवटची दोन बोटं ट्रेच्या काठाला लावली. चहा तिने घेतला नव्हता. तेवढ्यात परीक्षक बाई तिच्यापाशी येऊन थांबल्या. त्यांच्या गळ्यात साखळीला चष्मा होता आणि चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं.

"हे काय? या विभागात कोपर टेकत नाहीत असं ऐकलं होतं मी."

धाकटीने कोपर चटकन उचललं. चिमटा हातात तसाच. गप्पी मासा पलीकडच्या ओट्यावरून डोळे विस्फारून बघत होती. माझी चक्रं जागच्या जागी घट्ट झाली.

"बाई," मागून आवाज आला. सर होते. मध्ये पडणार नाही म्हणालेले आमचे सर. "तो ठोकळा आळसाचा नाही. तो प्रयोगातून आलाय. प्रयोग मी स्वतः पाहिलाय, आणि त्यात मी हरलोय."

बाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा ठोकळ्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "चालू दे."

धाकटीने कोपर पुन्हा टेकलं आणि ती कामाला लागली. कूर्चेचा पापुद्रा उतरला. मेंदू उघडा पडला. तिने सुईच्या टोकाने बाजूचं मांस दूर केलं, थांबली, पुन्हा सुई लावली. नस दिसली. मेंदूपासून तिने ती मोकळी करत आणली, वळणावर आली, जिथे दर वेळी तुटायची तिथे आली. तिने श्वास सोडून चिमटा पुढे नेला. नस मोकळी झाली. पुढे डोळ्याच्या खोबणीत शिरली आणि स्नायूपर्यंत अखंड पोहोचली.

अशी नस नीट दिसावी म्हणून तिच्याखाली काळ्या कागदाची पट्टी सरकवतात. धाकटीने पट्टी सरकवली. काळ्यावर ती पांढरी नस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लखलखत होती. माझ्यावर उमटलेल्या हजारो रेघा मी पाहिल्या आहेत, मित्रांनो, पण इतकी सुंदर रेघ माझ्या कागदावर कधी उमटली नव्हती.

बाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्या सरांना म्हणाल्या, "हे डोकं फेकून देऊ नका. बरणीत ठेवा. पुढच्या मुलांना दाखवायला उपयोगी पडेल."

"हुर्रे!" गप्पी मासा ओरडली आणि परीक्षा चालू आहे हे आठवून तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मामांनी डोळे पुसले आणि काजळीचा हात गालभर फिरला. सर धाकटीपाशी आले. एवढंच म्हणाले, "विषय तुझा." 

पुढच्या वर्षी सरळ रेघेची परीक्षा झाली नाही. तिच्या जागी पहिला प्रयोग म्हणून माझ्यावर सगळ्यांची थरथर उमटवली जाऊ लागली. नव्या मुलांसमोर पहिलं बोट सर स्वतः लावतात. "बघा," ते म्हणतात, "हा तुमच्या विभागप्रमुखाचा हात." मुलं हसतात. मग कोणाला बोट लावायची भीती वाटत नाही. ती नसेची बरणी माझ्या शेजारच्या कपाटात आहे, माझ्यावर आता कोणी दप्तर ठेवत नाही, आणि डबा तर कोणी म्हणतच नाही.

मित्रांनो, मी म्हातारा आहे, म्हणून थोडं सांगायचा हक्क मला आहे. जुनं यंत्र अडलं तर त्याला एकदा उघडून पुसा, दोन थेंब तेल द्या. आणि कोणाची रेघ जाड दिसली, तर त्याला घरी पाठवायची घाई करू नका. आधी आपलंच चाक किती मंद फिरतंय ते तपासा, आणि त्याच्या हाताखाली एखादा ठोकळा ठेवून बघा. माझ्यावर विश्वास बसत नसेल तर धाकटीला विचारा. ती समोरच्याच ओट्याशी काम करत बसलेली असते, कोपर टेकून.